खेड्यातली संध्याकाळ आणि एक ग्लास कोरडी पांढरी वाइन: दुकानापासून अंगणापर्यंत

आमच्या तालुक्याच्या गावी 'वाइन शॉप' अशी पाटी लावलेली दुकानं आहेत. तिथे जाऊन खरोखरच वाइन मागितली की काउंटरवरचा पोरगा आधी आपल्या तोंडाकडे बघतो. मग स्टुलावर चढून सगळ्यात वरच्या फळीवरची बाटली काढतो आणि फडक्यानं तिच्यावरची धूळ पुसतो. खप असतो तो क्वार्टरचा आणि बिअरचा. वाइन मागणारा एखादाच, आणि तोही बहुतेकदा गोड 'पोर्ट' मागतो.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यात कापूस, तूर, सोयाबीन करतो. काही वर्षांपूर्वी शेतकऱ्यांच्या अभ्यास सहलीत नाशिककडच्या द्राक्षबागा पाहिल्या आणि दिंडोरीच्या बाजूला एका वायनरीत पहिल्यांदा ड्राय व्हाइट वाइन चाखली. तेव्हापासून आठवड्यातून एखाद्या संध्याकाळी, शेतातली कामं आटोपली की आम्ही दोघं नवरा-बायको अंगणात बसतो आणि एकेक ग्लास घेतो. सुरुवातीला बऱ्याच बाटल्या वाया घालवल्या. त्यातून एक गोष्ट पक्की कळली: ही वाइन स्वस्त असली तर चालते, तापलेली असली तर चालत नाही. विदर्भात या छंदाचा सगळा कस उन्हाशी लागतो. खालची प्रत्येक पायरी त्यासाठीच लिहिली आहे.

सगळ्यात आधी: कुणी घेऊ नये, कुठे घेऊ नये

वर्धा आणि गडचिरोली जिल्ह्यांत दारूबंदी आहे. गडचिरोलीत ती १९९३ पासून आहे. चंद्रपुरात २०१५ मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदीच्या जिल्ह्यात वाइनलाही सूट नाही. एक गोष्ट नीट ध्यानात ठेवा: नागपूरहून यवतमाळला किंवा अमरावतीला येणारा रस्ता वर्धा जिल्ह्यातून जातो. नागपुरात चांगली बाटली दिसली म्हणून पिशवीत टाकून निघायचं नाही. यवतमाळच्या माणसानं यवतमाळात घ्यावी, अकोल्याच्या माणसानं अकोल्यात.

राज्यात वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची आहे आणि पिण्याचा परवाना लागतो. राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून तो एका दिवसाचा, वर्षाचा किंवा आयुष्यभराचा काढता येतो. एकदाच आयुष्यभराचा काढून ठेवा.

दारूनं आपल्या भागातल्या घरांचं काय केलं हे मी सांगायची गरज नाही. बाटली आडवी करण्यासाठी बायांनी गावोगाव मतदान मागितलं ते उगाच नाही. ज्याच्या घरात व्यसनाचा इतिहास आहे, जो व्यसनातून सुटून बाहेर आलेला आहे, ज्याला लिव्हरचा त्रास आहे, जो झोपेच्या किंवा साखरेच्या गोळ्या घेतो, जी बाई गरोदर आहे, त्यांच्यासाठी हा लेख नाही. आजवर पीत नसाल तर हे वाचून सुरू करू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ मध्ये सरळ सांगितलं आहे की दारूचं कुठलंही प्रमाण आरोग्याला पूर्ण सुरक्षित नाही. वाइन म्हणजे औषध, असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मी घेतो ती चवीसाठी आणि त्या अर्ध्या तासाच्या निवांतपणासाठी.

पहिली पायरी: 'कोरडी' म्हणजे काय ते समजून घ्या

द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. सगळी साखर संपेपर्यंत आंबू दिलं की जी वाइन उरते ती ड्राय, म्हणजे कोरडी. एका लिटरमध्ये चार ग्रॅमच्या आत साखर राहिली तर ती कोरडी धरतात. जिभेला ती जाणवतही नाही. साधारण १७ ग्रॅम साखरेपासून लिटरमागे एक टक्का अल्कोहोल बनतं. त्यामुळे साडेबारा टक्क्यांच्या वाइनसाठी रसात लिटरमागे दोनशे ग्रॅमच्या वर साखर लागते. वाइनची द्राक्षं किती गोड असतात, ते यावरून कळेल.

पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षं चेपून रस लगेच सालीपासून वेगळा काढतात आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाक्यांत आंबवतात. साली रसात राहत नाहीत, म्हणून लाल वाइनसारखा तुरटपणा तिच्यात येत नाही. उरतो तो आंबटपणा. माझ्या बायकोनं पहिला घोट घेतला आणि म्हणाली, "अहो, चिंचेच्या पाण्यावानी लागते हे तं." मला वाटलं तिला आवडली नाही. नंतर कळलं की ती अगदी नेमकं बोलली होती. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टरिक, आणि चिंचेतलंही तेच.

म्हणून गोड सरबताची अपेक्षा ठेवून कोरडी वाइन पिऊ नका. चिंच, अंबाडी, आवळा ज्याला आवडतात त्याला ही लवकर आवडते, असं माझं निरीक्षण आहे.

दुसरी पायरी: दुकानात बाटली निवडणं

लेबलवर द्राक्षाच्या जातीचं नाव असतं. कोरडी हवी असेल तर सोव्हिन्यॉन ब्लाँ शोधा. सुला, यॉर्क, ग्रोव्हर झम्पा, अकलूजची फ्रातेली, या सगळ्यांची ती आहे. नाव उच्चारता येत नसेल तर बोटानं दाखवा, लाजायचं कारण नाही. दुसरी जात शेनँ ब्लाँ. आपल्याकडे ती बऱ्याचदा किंचित गोड ठेवतात, म्हणून लेबलवर 'सेमी-ड्राय' किंवा 'ऑफ-ड्राय' लिहिलंय का ते पाहा. 'लेट हार्वेस्ट' म्हणजे सरळ गोड. आणि दुकानाबाहेर 'ड्राय डे'ची पाटी असेल तर त्या ड्रायचा या ड्रायशी काही संबंध नाही, त्या दिवशी परत फिरायचं.

साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर देशी सोव्हिन्यॉन ब्लाँ मिळते. त्याहून महाग बाटलीच्या मागे लागू नका. जास्तीचे पैसे बर्फावर आणि चांगल्या ग्लासांवर खर्च केलेले बरे.

खरी तपासणी पुढे आहे. लेबलवर तोडणीचं वर्ष असतं. नाशिककडे वाइनची द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्च या काळात तोडतात, म्हणजे त्या वर्षाची ताजी पांढरी वाइन त्यानंतर काही महिन्यांनी दुकानात येते. स्वस्त पांढरी वाइन जुनी होऊन सुधारत नाही. चालू वर्षाची किंवा गेल्या वर्षाची घ्या. त्याआधीची असेल तर सोडा. माझा सल्ला असा की शक्यतो खरेदी ऑक्टोबर ते फेब्रुवारी या थंड महिन्यांत करा, कारण एप्रिल-मे काढलेली बाटली वर्षानं ताजी असली तरी उन्हानं म्हातारी झालेली असते.

एकदा मी जूनमध्ये एक बाटली आणली. वरच्या फळीवर, पत्र्याच्या छपराखाली तिनं अख्खा उन्हाळा काढला होता. ग्लासात ओतली तर रंग गवती पिवळ्याऐवजी तपकिरीकडे झुकलेला, आणि वास शिजवलेल्या सफरचंदाचा. तेव्हापासून मी हे पाहतो: बाटली उजेडाकडे धरून रंग, बाटलीत वाइन मानेपर्यंत भरलेली आहे की खाली उतरलीय, बूच असेल तर ते वर सरकलंय का, झाकणाजवळ चिकट ओघळ आहे का. फिरवून उघडायचं झाकण असेल तर उत्तम, आपल्या हवेत बुचापेक्षा तेच भरवशाचं. दुकानदाराला विचारा की फ्रिजमध्ये ठेवलेली आहे का. बिअरच्या फ्रिजमध्ये एखादी बाटली पडलेली असली तर तीच मागा, वरच्या फळीवरची नको.

एकटे असाल तर ३७५ मिलीची अर्धी बाटली मिळते का ते पाहा.

तिसरी पायरी: घरापर्यंत आणणं आणि ठेवणं

मोटारसायकलच्या डिकीत बाटली टाकली तर अर्ध्या तासात ती चहासारखी होते. मी एक जुनं पोतं ओलं करून बाटलीला गुंडाळतो आणि पिशवी हँडलला अडकवतो. वारा लागला की ओलं पोतं सुकता सुकता बाटली थंड राखतं. माठाचं तंत्रच आहे हे. शक्यतो सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर आणा.

घरात ठेवण्यासाठी सगळ्यात चांगली जागा म्हणजे फ्रिजचा खालचा कप्पा. तिथे जागा नसेल तर मधल्या खोलीतली ज्वारीची कोठी. धान्यात पुरलेल्या बाटलीला ना उजेड लागतो ना दिवसभराचा चढउतार. खिडकीत, शोकेसमध्ये, गॅसजवळ कधीच नाही. उजेडानंही पांढरी वाइन बिघडते. कोठीतसुद्धा महिन्या-दोन महिन्यांपेक्षा जास्त ठेवू नका, आणि मे महिन्यात तर कोठीचा भरवसा धरू नका.

चौथी पायरी: थंड करणं, म्हणजे निम्मी लढाई

ही वाइन आठ ते दहा अंशांवर प्यायची असते. स्वस्त बाटली असेल तर मी आठच्याही खाली नेतो, कारण थंडीत तिचे बारीक दोष लपतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशी ओलांडतो आणि संध्याकाळी सातलाही भिंती गरम असतात, म्हणून फ्रिजमधून काढून टेबलावर ठेवलेली बाटली बघता बघता हातातून जाते.

फ्रिज असेल आणि वीज असेल तर रात्रभर ठेवा, काम संपलं. फ्रीजरमध्ये टाकून विसरू नका. वाइन गोठून फुगते आणि काच तडकते.

भारनियमन असेल किंवा फ्रिजच नसेल तर बर्फाची बादली करा. ही पद्धत मला फ्रिजपेक्षाही आवडते.

बर्फ रसवंतीवर किंवा गोळेवाल्याकडे मिळतो. लाकडाच्या भुशात किंवा जाड पोत्यात गुंडाळून आणा. बाटली मानेपर्यंत बुडेल एवढी बादली घ्या. तिच्यात निम्मा फोडलेला बर्फ आणि निम्मं पाणी घाला. नुसता बर्फ घालू नका, खड्यांच्या मधे हवा राहते आणि बाटलीला थंडी नीट लागत नाही. मग दोन मुठी जाडं मीठ टाकून हलवा. मिठानं बर्फ शून्याच्या खालच्या तापमानाला वितळतो. हातानं फिरवायच्या पॉटमधलं आइस्क्रीम याच युक्तीनं जमतं. बाटली त्यात ठेवून मधूनमधून गोल फिरवा. पंधरा-वीस मिनिटांत पिण्याजोगी होते. खारं पाणी नंतर झाडांना घालू नका.

माठ किंवा ओलं फडकं एवढ्यावर भागेल का? थंड करण्यासाठी नाही. कोरड्या उन्हाळ्यात ओल्या फडक्यानं बाटली चोवीस-पंचवीस अंशांपर्यंत उतरते, त्याखाली नाही. पण आधी ओल्या फडक्यानं उतरवून मग बादलीत ठेवली तर बर्फ निम्मा लागतो.

ग्लासात बर्फ टाकावा का, असं लोक विचारतात. टाकला तर वाइन पाणचट होते. त्याऐवजी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात हिरवी द्राक्षं येतात तेव्हा पावभर फ्रीजरमध्ये गोठवून ठेवा आणि ग्लासात चार-पाच टाका. अगदीच होरपळवणारा दिवस असेल तर निम्मी वाइन, निम्मा गार सोडा आणि संत्र्याच्या सालीचा एक तुकडा, हेही मी आनंदानं घेतो. त्यात अल्कोहोलही निम्मंच.

थंड केलेल्या बाटलीच्या तळाशी कधी साखरेसारखे खडे दिसतात. ते टार्टरिक आम्लाच्या क्षाराचे स्फटिक असतात, त्यांनी काही होत नाही.

पाचवी पायरी: आधी पाणी, मग जागा

शेतातून आल्या आल्या बाटली उघडायची नाही. अंगातून घाम गेलेला असतो, आणि अल्कोहोल आणखी पाणी बाहेर काढतं. आधी दोन तांबे पाणी किंवा ताक, मग आंघोळ. तहान भागलेली असली की घोट सावकाश घेतला जातो. ही पायरी चुकवली तर दुसऱ्या दिवशी डोकं धरून बसावं लागतं.

जागा निवडताना कूलरसमोर बसू नका. ओल्या वाळ्याचा वास सुंदर, पण तो वाइनचा वास झाकून टाकतो आणि वारा उरलेला उडवून नेतो. डासांची अगरबत्तीही दूर ठेवा. कडुलिंबाखाली खाट टाकून बसलं की पुरे.

ग्लास काचेचा हवा, पातळ आणि स्वच्छ. साबणाचा वास राहिलेला नको. स्टीलच्या पेल्यात रंग दिसत नाही आणि वासही नीट वर येत नाही. उभ्या दांडीचे ग्लास असतील तर हात लागून वाइन तापत नाही, म्हणून मी स्वस्तातले दोन घेऊन ठेवले. एका वेळी ग्लासाचा तिसरा हिस्साच भरा आणि बाटली परत बादलीत ठेवा. ग्लासावर बशी झाका, नाहीतर चिलटं पाच मिनिटांत वाइनमध्ये पोहायला उतरतात.

सहावी पायरी: घोट

आधी नाक. सोव्हिन्यॉन ब्लाँमध्ये कापलेल्या ढोबळ्या मिरचीचा हिरवा वास येतो, आणि हे काव्य नाही: तो वास देणारे घटक दोन्हींत एकाच कुळातले आहेत. चांगल्या बाटलीत पिकत आलेल्या पेरूचा वासही येतो. मग छोटा घोट घेऊन तोंडात दोन-तीन सेकंद धरा. गालांच्या आतून पाणी सुटेल. गिळल्यावर लगेच दुसरा घेऊ नका, तोंडात चव किती वेळ टिकते ते पाहा. सगळी मजा त्या थांबण्यात आहे. क्वार्टर एका दमात संपवायची सवय असलेल्या माझ्या एका मित्राला हे शिकायला तीन संध्याकाळी लागल्या, पण शिकला.

माप पक्कं ठेवा. १५० मिलीच्या एका ग्लासात साधारण पंधरा ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे व्हिस्कीचा दीड छोटा पेग. अख्खी ७५० मिलीची बाटली म्हणजे एका क्वार्टरपेक्षा जास्त दारू. 'वाइनच आहे' असं म्हणून बाटली रिकामी करणाऱ्यांना हे माहीत नसतं. आम्ही दोघं एकेक ग्लास घेतो, बाकीची बाटली बंद. त्यानंतर गाडी नाही, विहिरीवर जाणं नाही, रात्रीच्या विजेवर मोटर सुरू करायला शेतात जाणं तर अजिबात नाही. पाणी द्यायची पाळी असेल त्या रात्री बाटली उघडतच नाही. झोपायच्या वेळेला टेकून घेऊ नका. डोळा लवकर लागतो, पण मध्यरात्रीनंतर झोप तुटते. सात-साडेसातला, जेवणासोबत किंवा जेवणाआधी, ही वेळ चांगली.

सातवी पायरी: सोबत काय खायचं

इथे आपला भाग खूप श्रीमंत आहे आणि त्याचं कुणी कौतुक करत नाही.

हिवाळ्यात मीठ घालून उकडलेल्या तुरीच्या शेंगा. माझ्या मते जगात या वाइनसोबत याहून चांगलं काही नाही. खारट, किंचित गोडसर हिरवा दाणा आणि वरून आंबट गार घोट. शेंगा सोलत बसावं लागतं, म्हणून पिणंही आपोआप हळू होतं. त्याच दिवसांत ज्वारीचा हुरडा, पण तिळाच्या किंवा जवसाच्या चटणीसोबत, गुळासोबत नको. गोड खाल्लं की कोरडी वाइन कडवट लागते.

सांबारवडी. बाहेरच्यांसाठी सांगतो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. पुडाच्या वडीतला तो हिरवा सुगंध आणि सोव्हिन्यॉन ब्लाँचा हिरवेपणा सख्ख्या बहिणींसारखे जुळतात, आणि तळणाचा तेलकटपणा आंबट घोटानं धुऊन निघतो. याच कारणानं भजी, मुगाचे वडे, तळलेले पापड, सगळं चालतं.

भंडारा-गोंदियाकडच्या वाचकांनो, तुमच्या तलावातले झिंगे आणि मासोळी हळद-मीठ लावून तव्यावर परतून घ्या, वर निंबू पिळा. मला त्यासाठी पाहुणा होऊन यावं लागतं.

गोळाभात, कढीगोळे, वांग्याचं भरीतही चालतं, फक्त मिरची हात राखून घाला. सावजी रस्सा मात्र नाही. तिखटावर अल्कोहोल पडलं की आग वाढते, आणि वाइनची चव त्या मसाल्यापुढे टिकतच नाही. तर्रीसोबत काही घ्यायचंच असेल तर ती किंचित गोड शेनँ घ्या, भरपूर थंड करून. नुसतं ताक घेतलं तर आणखी चांगलं.

आठवी पायरी: उरलेली बाटली

उघडल्यावर खरा शत्रू हवा. झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवली तर तीन-चार दिवस टिकते. त्याहून चांगली युक्ती अशी: बाटली उघडल्याबरोबर, ग्लास भरण्याच्या आधीच, निम्मी वाइन एका स्वच्छ छोट्या काचेच्या बाटलीत काठोकाठ ओतून बूच लावा. आत हवाच नाही म्हणून ती फ्रिजमध्ये आठवडाभर चांगली राहते. सोड्याची जुनी काचेची बाटली यासाठी उत्तम, फक्त गरम पाण्यानं धुऊन पूर्ण वाळवलेली हवी.

फार आंबट झाली तर टाकू नका. मासोळीला किंवा कोंबडीला लावून अर्धा तास मुरू द्या, निंबाच्या जागी चालते.

रिकामी बाटली बांधावर फेकू नका. कापूस वेचायला बाया अनवाणी येतात आणि फुटलेली काच पाऊस पडल्यावर चिखलात दिसत नाही. आमच्या गोऱ्ह्याच्या खुरात एकदा घुसली तर तो पंधरा दिवस लंगडत होता. घरातच एका पोत्यात साठवा, भंगारवाला आला की द्या.